पाटावरचा पट्टा

आमच्या घरात दसऱ्याला पाटावर माझी पाटी, दादाची पुस्तकं, आईची कात्री, बाबांचा पाना-पक्कड आणि आम्हाला मारायचा पट्टा, एवढं सगळं मांडलं जायचं. पट्टा मधोमध. त्याला हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं एक फूल. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावून सांगते आहे. त्यात लावण्यासारखं काही नाही, जसं होतं तसंच सांगते.

पट्टा मशीनचा होता. गिरणी बंद पडल्यावर बाबांना साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं आणि आम्ही नाहूरला चाळीत राहायला आलो. वर्कशॉपमधल्या मोटरवर फिरणारा चपटा पट्टा एक दिवस तुटला, नवा बसवला, आणि जुन्याचा दोन हात लांबीचा तुकडा बाबांनी घरी आणला. कापडावर रबर चढवलेला, कडेला दोरे सुटलेले. दरवाजामागच्या खिळ्याला, छत्रीच्या शेजारी त्याची जागा ठरली. त्याआधी बाबा हातानं मारायचे, पण त्यात त्यांचाच हात दुखायचा. पट्ट्यानं त्यांची सोय झाली.

मारायची पद्धतही ठरलेली होती. बाबा रागाच्या भरात कधी मारत नसत, याचा त्यांना अभिमान होता. कामावरून आले की हातपाय धुवायचे, चहा प्यायचे, आईकडून दिवसभराचं ऐकून घ्यायचे आणि मग एकच शब्द म्हणायचे, "आण." पट्टा आपणच जाऊन काढायचा, आपणच त्यांच्या हातात द्यायचा. मार पोटऱ्यांवर, कारण तिथे हाड मोडत नाही. झालं की पट्टा आपणच खिळ्याला परत लावायचा आणि बाबांच्या पाया पडायचं. मग आई खोबरेल लावायची. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायचे. मे महिन्यात ज्यादा वर्गांनासुद्धा मी लांब मोजे घालून गेले आहे. मला कुणीही विचारलं नाही, गं बाई, तुला उकडत नाही का?

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये मशीनना हार घालायचे, पेढे वाटायचे. बाबांचं म्हणणं, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं हत्यार, आणि ते वर्षातून एकदा पाटावर यायलाच हवं. दादानं एकदा धीर करून विचारलं, की मग हा पट्टा कशाला? बाबा शांतपणे म्हणाले, "ह्यां पण हत्यारच. ह्याच्यानं माणूस घडता."

आई मला पुढे ढकलायची. "पाया पड गो. म्हणजे वर्षभर लागाचा नाय."

मी पडायची. नुसती पडायची नाही, मनापासून पडायची. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढलेली असायची, तिच्याकडे मी काही मागितल्याचं आठवत नाही. मागायची ते पट्ट्याकडे. जास्तीचं फूल मी त्यालाच वाहायची. त्याला खूश ठेवलं तर तो जरा हळू लागेल, असं मला खरंच वाटत होतं. आज लिहितानाही मला त्या मुलीची लाज वाटते आणि तिला तसं करायला लावणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचा राग येतो. आईचासुद्धा.

एकट्या बाबांनाच मी दोष देत नाही, पण सोडतही नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी गावी निरगुडीच्या फोकानं झोडलेलं. गिरणीत आल्यावर धागा तुटला म्हणून मुकादमानं सगळ्यांसमोर थोबाडीत दिलेली. दोन्ही गोष्टी ते आम्हाला हसत सांगायचे, जणू शाळेतली बक्षिसं. आजोबांना त्यांच्या वडिलांनी, त्यांना आणखी कुणी. घरात भांडी, दागिने वाटले जातात तेव्हा भांडणं होतात. हे मात्र आमच्याकडे विनातक्रार वाटलं गेलं.

शेजारच्या खोलीत एक काका राहायचे. अकोल्याकडचे, बौद्ध, टेलिफोन खात्यात कामाला, आणि सकाळच्या कॉलेजात वकिलीचं शिकत होते. एका संध्याकाळी दादाचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला, तेव्हा ते सरळ उठून चौकीवर गेले. चाळीत असं याआधी कुणी केलं नव्हतं. हवालदार आला. त्यानं बाबांना विचारलं, "तुमचाच पोरगा ना?"

"होय, साहेब."

"मग काय प्रॉब्लेम आहे? दुसऱ्याच्या पोराला तर मारलं नाही ना?" मग तो दादाकडे वळला. "काय रे, बापाला चौकीवर नेतोस?" आणि जाता जाता त्यानं दादाच्या डोक्यात एक टपली मारली. चहा पिऊन गेला. आईनं त्याला बिस्किटंही दिली होती.

काकांशी आमच्या घरानं बोलणं टाकलं. मी मात्र चोरून त्यांच्याकडे गणितं विचारायला जायची. एकदा त्यांनी मला त्यांचं जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं. इंग्रजांच्या वेळची दंडसंहिता. त्यातलं एकोणनव्वदावं कलम त्यांनी सोपं करून सांगितलं. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, पालकानं काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. मारण्याचं नाव त्यात कुठे घेतलेलं नाही, पण मारणारा बाप नेमका त्याच्याच आडोशाला उभा राहतो, ते म्हणाले.

"सद्भावना म्हणजे काय, काका?"

"म्हणजे बाप म्हणेल ते." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणि तुझा दादा तर तेरा वर्षांचा आहे. म्हणजे त्याच्या बाबतीत हा आडोसासुद्धा नाही. पण ते हवालदाराला कोण सांगणार?"

मी तेव्हा दहा वर्षांची होते, म्हणजे पुरती कलमाच्या आत. मारून घ्यायला मी कायदेशीर वयाची आहे, असं माझ्या डोक्यात बसलं. तो विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. घाटकोपरच्या पश्चिमेला, साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत, गणिताची. पहिल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं, मुलावर हात उचलायचा नाही. तीस वर्षं झाली, मी कधी हात उचलला नाही, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की शिक्षकांच्या खोलीत मी तोंड उघडलं की बाकीच्या ते आधीच पूर्ण करायच्या, "हो हो, माहीत आहे, तुम्ही कधी हात उचलला नाहीत." मला ते चिडवणं आवडायचं, खोटं कशाला बोलू.

शाळेत मारायला बंदी करणारा कायदा आला तेव्हा आम्हाला एका हॉलमध्ये प्रशिक्षणाला बसवलं. परिपत्रक वाचून दाखवलं. छडी नाही, चापट नाही, कान धरणं नाही, अंगठे धरून उभं करणं नाही, टाकून बोलणंही नाही. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "मग काय आता पूजा करायची का यांची?" मी उभी राहिले आणि विचारलं, घरी मारतात त्याचं काय? समजावणारे साहेब सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, घरचं आपल्या कक्षेत येत नाही." नंतर मीच शोधून वाचलं, की मुलांसाठीच्या वेगळ्या कायद्यात, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला 'अनावश्यक' त्रास दिला तर शिक्षा आहे. अनावश्यक! म्हणजे आवश्यक त्रासही असतो, आणि तो किती ते देणाऱ्यानं ठरवायचं. अलीकडे जुनी दंडसंहिता गेली, नवी आली, खूप गाजावाजा झाला. मी आधी आमचं कलम शोधलं. नंबर बदललाय. बारा वर्षं आणि सद्भावना दोन्ही जागच्या जागी आहेत.

बाबा गेले त्याआधी वर्षभर अंथरुणाला होते. दादाच त्यांचं सगळं करायचा. एका रविवारी मी गेले असताना, त्यांना भरवता भरवता मी विचारलं, "बाबा, तुम्ही आम्हाला एवढं का मारायचात हो?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "मी कधी मारलंय तुमका? एखादी चापट मारली आसात."

दादा हसला. मी वाटी खाली ठेवली आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. मारलं ते एक वेळ मी पचवलं असतं. ते विसरले, हे नाही पचलं. माझ्या पोटऱ्यांना जे चाळिशीनंतरही आठवत होतं ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. ज्यानं मारलं तो इतक्या सहज विसरू कसा शकतो, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं अंगावर वागवला. उत्तर मला मागच्या वर्षी मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर फार बरं झालं असतं.

मागच्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. अकरा वर्षांची. बडबडी, आणि गणितात कच्ची. मी तिच्या डायरीत लाल पेनानं शेरे लिहायची. 'गृहपाठ अपूर्ण.' 'वर्गात बोलते.' 'पालकांनी लक्ष द्यावे.' खाली पालकांची सही लागते. सही न चुकता येत होती, दुसऱ्याच दिवशी. मला बरं वाटायचं. बाकी पालक महिना महिना डायरी उघडत नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता आणि ही मुलगी गुडघ्यापर्यंत मोजे घालून आली.

मी तिला मधल्या सुट्टीत थांबवलं. मोजा खाली कर म्हटलं. ती म्हणाली, "डास चावलेत, बाई." मीसुद्धा डासच सांगायची. पोटरीवर तीन रेघा होत्या, एकसारख्या अंतरावर, न चिडता मारलेल्या. मी तिची डायरी मागून घेतली आणि शेऱ्यांच्या तारखा बघितल्या. शेवटचा शेरा आदल्या दिवशीचा होता. माझा.

मी हात उचलला नव्हता. मी फक्त लिहून पाठवलं होतं, आणि घरी कुणीतरी ते वाचून "आण" म्हटलं होतं. शाळेतली छडी बंद झाली असं आपण म्हणतो. ती बंद झाली नाही. आम्ही तिला दप्तरात घालून घरी पाठवायला लागलो, आणि वर सही करून परत मागायला लागलो.

मी तिच्या वडिलांना बोलावलं. आले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या गणवेशात, कामावरून अर्धा दिवस टाकून. साधारण चाळिशीचा माणूस. आल्या आल्या माझ्या पाया पडला. "ओळखलंत का, बाई? मी तुमच्याच वर्गात होतो. सहावी, सातवी."

चेहरा हळूहळू आठवला. मागच्या बाकावरचा एक काळा, उंच मुलगा. मी त्याला बसायला सांगितलं आणि सरळ विषयाला हात घातला. "पोरीला मारतोस तू?"

तो जरासुद्धा दचकला नाही. "हो, बाई. तुमचा शेरा आला की. उगाच नाही मारत. आणि रागात तर कधीच नाही."

"अरे, पण का?"

"बाई, तुम्ही असं विचारताय?" तो हसला. मग त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, मूठ वळून, आणि मधल्या बोटाच्या सांध्यावर डाव्या हातानं टिचकी मारली. तिथे एक पांढुरका व्रण होता. "ही तुमची. फूटपट्टी, उभी धरून. मी उत्तर बरोबर काढलं होतं, पण ताळा केला नव्हता. तुम्ही म्हणालात, उत्तर बरोबर आलं ते नशीब, ताळा केला असता तर अक्कल. आजही लिफ्टचं काम झालं की दोनदा तपासतो मी. सोबतची पोरं हसतात. त्या एका फटक्यानं मी सुधारलो, बाई. नाहीतर वाट लागली असती माझी."

मी म्हटलं, "मी? मी कधी कुणावर हात उचलला नाही. एखादी पट्टी लागली असेल."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. शब्दन् शब्द बाबांचा.

तो गेल्यावर मी कितीतरी वेळ आठवायचा प्रयत्न केला. पट्टी आठवते, लाकडी, एका टोकाला शाई सांडलेली. ताळ्यावरून मुलांना बोलायची तेही आठवतं. त्याचा हात मात्र आठवत नाही. रक्त आलं असणार, नाहीतर व्रण राहिला नसता. ते पुसलं कुणी? त्यानं परत जाऊन बाकावर बसून काय केलं? मला काहीच आठवत नाही. म्हणजे इतकं सोपं असतं ते.

मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. मुलीला घरी मार बसतो, बालकल्याण समितीला कळवायला हवं, असं म्हटलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "कळवा की. पण चौकशीला आले की डायरी मागतील. मार कशावरून? शेऱ्यावरून. शेरा कुणाचा? आणि तो बाप तुमच्याबद्दल काय सांगेल, ते तुम्हीच मला आत्ता सांगितलंत. निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तुमची?" त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि काही न कळवता वर्गावर गेले. हे मी शांतपणे लिहिते आहे, पण त्याची चीड मला रोज येते.

मी एवढंच केलं, की शेरे लिहायचे थांबवले. आठवड्याभरानं ती मुलगी स्वतःच डायरी घेऊन टेबलापाशी आली. "बाई, काहीतरी लिहा ना."

"का गं? सगळं ठीक आहे."

"कोरी असली की पप्पांना वाटतं मी पान फाडलं."

मग मी खोटं लिहायला लागले. 'प्रगती चांगली.' 'वर्तन उत्तम.' तीच लाल शाई, तीच सही. ती गोड हसायची आणि डायरी घेऊन जायची, आणि मला माझ्याच अक्षराची शिसारी यायची. तरी मोजे आखूड झाले होते, म्हणून मी लिहीत राहिले.

डायरीत खोटं लिहिता येतं, पेपरात नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घटक चाचणीचे तपासलेले पेपर द्यायचे होते, आणि सकाळीच मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'आज गणिताचे पेपर घरी येतील, सही करून पाठवावेत.' तीस वर्षांच्या सवयीनं टाकलं. त्या मुलीला वीसपैकी सहा होते. तिनं पेपर घेतला, आकडा बघितला, घडी घालून दप्तरात ठेवला. रडली नाही.

शेवटच्या तासाला शाळेत पाटीपूजन होतं. मुलांनी माझ्या टेबलावर पाटी मांडली, सरस्वती काढली, खडू, डस्टर, कंपासपेटी, गणिताचं पुस्तक, सगळ्याला कुंकू लावलं. आरती झाली, साखरफुटाणे वाटले, वर्ग रिकामा झाला. ही एकटी मागे राहिली. मी कपाटाला कुलूप लावून वळले, तर ती टेबलापाशी उभी. माझं लाल पेन तिनं पेल्यातून काढून पाटीसमोर आडवं ठेवलं होतं. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि बाजूच्या डस्टरवरचा झेंडू उचलून त्याच्यावर ठेवला. मग डोळे मिटून हात जोडले.

ती काय मागत होती ते मला विचारावं लागलं नाही. मी खुर्चीत बसले.

"पेपर काढ," मी म्हटलं.

तिनं काढला. मी फूल बाजूला करून पेन उचललं, बोटांना कुंकू लागलं, आणि सहाच्या आधी एक काढला. सोळा. उभ्या आयुष्यात मी एक गुण इकडचा तिकडे केला नव्हता. पेपर तिच्यापुढे सरकवला. तिनं तो बघितला, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं.

"नाही चालणार, बाई."

"का?"

"पप्पा प्रत्येक गणिताचे गुण मोजून ताळा करतात. तुम्हीच शिकवलंय म्हणतात."

मी पर्स उचलली आणि तिच्याबरोबर निघाले. तिची बिल्डिंग जवळच, झोपडपट्टी पाडून बांधलेल्यांपैकी. बाप अंधेरीच्या टॉवरच्या लिफ्ट सांभाळतो, आणि याच्या इमारतीतली लिफ्ट कित्येक महिने बंद. चार मजले चढताना ती पुढे होती आणि दर वळणावर थांबून बघत होती, मी खरंच येते आहे की नाही ते.

दार त्यानंच उघडलं. सणाची सुट्टी घेतली होती, हातात आंब्याची पानं नि दोरा. "बाई! तुम्ही? अगं ए, बाई आल्यात, चहा टाक." तो खुर्ची पुसायला लागला. मी बसले नाही. आतून त्याची बायको पदराला हात पुसत आली आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघून दारातच थांबली.

"आधी माझं ऐकून घे," मी म्हटलं. "मी तुझ्या हातावर पट्टी मारली होती. ते मला आठवत नाही, ही त्याहून वाईट गोष्ट आहे. ते चुकलं माझं. तू सुधारलास तो तुझा तू. पट्टीनं कुणी सुधारत नाही. मी चुकले, आणि तुझी माफी मागायला आले आहे."

बाबांच्या तोंडून जे ऐकायची मी आयुष्यभर वाट बघितली, ते सगळं मी एका दमात म्हणून टाकलं. मला वाटलं होतं तो विरघळेल. निदान गडबडून हसेल. तो हसला नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हातातली पानं त्यानं टीव्हीवर ठेवली आणि अंगठ्यानं त्या सांध्यावरचा व्रण चोळायला लागला. आवाज आला तो बारीक, बारा वर्षांच्या मुलाचा.

"असं नका ना म्हणू, बाई. मग मी उगाच खाल्ला का मार?"

नाही रे, म्हणावंसं वाटलं. त्याचं समाधान झालं असतं, माझं झालं असतं, चहा झाला असता. मुलगी अजून उंबऱ्यावर उभी होती, बूटसुद्धा न काढता, पेपर हातात.

"हो," मी म्हटलं. "उगाच."